चामडे, प्रकाश आणि प्रतिमा : चर्मवस्तूंच्या छायाचित्रणातील प्रकाशयोजनेची चिकित्सा (विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

प्रास्ताविक

मराठीत छायाचित्रावर जे समीक्षात्मक लेखन झाले आहे, त्याचा रोख प्रामुख्याने व्यक्तिचित्रे, वृत्तछायाचित्रे आणि निसर्गचित्रे यांच्याकडे राहिला आहे. विक्रीसाठी काढलेले वस्तूचे छायाचित्र हे व्यापाराचे साधन मानले गेले आणि त्यामुळे ते समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले. वस्तुतः आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोरून दिवसभरात जितकी चित्रे जातात, त्यांतील फार मोठा वाटा वस्तूंच्या चित्रांचाच असतो. वस्तूवर प्रकाश कोठून पडावा, किती पडावा आणि कोठे पडू नये, हे ठरविणारा मनुष्य त्या वस्तूविषयी एक विधान करीत असतो. ते विधान तपासता येते, खोडून काढता येते, त्याचे मूल्यमापन करता येते. म्हणूनच ते समीक्षेचा विषय ठरते. प्रस्तुत लेखात चामड्याच्या वस्तूंच्या छायाचित्रणातील प्रकाशयोजनेचा या दृष्टीने विचार केला आहे.

धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ घेण्यास कारण आहे. या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी मांस व दूध यांबरोबरच कातड्यासाठीही पाळली जाते. (२०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले; शेळीचे मात्र जुनेच राहिले.) तुळजापूरच्या गोंधळ्यांचे संबळ, वाजंत्र्यांची हलगी, विहिरीवरची मोट, वहाणा, बैलांच्या साजाच्या वाद्या असा चामड्याचा मोठा संसार या भूमीत एकेकाळी नांदत होता आणि त्यातील काही भाग आजही टिकून आहे. परंतु २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते. शेजारचा सोलापूर आत आणि धाराशिव बाहेर. ज्या वस्तूला मानांकित नाव नाही, तिची परक्या ग्राहकाशी ओळख करून देण्याचे काम जवळजवळ संपूर्णपणे चित्रावर येऊन पडते. ते चित्र कसे उजळले जाते, याला त्यामुळे येथे केवळ सौंदर्यशास्त्रीय महत्त्व उरत नाही.

चामड्याचा स्वभाव

प्रकाशयोजनेची चिकित्सा करण्यापूर्वी चामडे प्रकाशाला कसे उत्तर देते, हे पाहणे आवश्यक आहे. कोणत्याही पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग सर्व दिशांना विखुरतो. यास विसरित परावर्तन म्हणतात. वस्तूचा रंग याच प्रकाशातून डोळ्यांपर्यंत येतो. दुसरा भाग आरशावरून परतावा तसा, आपाती कोनाइतक्याच कोनाने परततो. या भागात वस्तूचा रंग नसतो. प्रकाशस्रोताचे प्रतिबिंब असते. व्यवहारात आपण ज्याला चकाकी, तुकतुकी किंवा झळाळी म्हणतो, ती हीच. फिल हंटर आणि पॉल फुका यांच्या, १९९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट : सायन्स अँड मॅजिक’ या पाठ्यपुस्तकाने या दोन परावर्तनांचा विवेक हा संपूर्ण वस्तुछायाचित्रणाचा पाया मानला, आणि ते योग्यच होते. माती मुख्यत्वे पहिल्या प्रकारचे परावर्तन करते. तेरच्या संग्रहालयातील भाजक्या मातीच्या मूर्ती पाहताना त्यांत दिवा वा खिडकी प्रतिबिंबित झालेली दिसत नाही. काच जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्या प्रकारात मोडते. चामडे मात्र या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. आणि नेमके कोठे, हे ते कोणी व कसे कमावले यावर अवलंबून असते.

बाभळीची साल आणि हिरडा यांच्या कशायात कमावलेले, तेल पाजलेले चामडे प्रकाश आत घेते आणि मधासारखा रंग बाहेर टाकते. त्यावरची चकाकी मंद, पसरट आणि ओलसर असते. क्रोमने कमावून वर रंगद्रव्याचा थर दिलेले चामडे गुळगुळीत दिसते. त्याचा दाणा बहुधा थराखाली दबलेला असतो. पेटंट चामड्यावर तर वस्तूऐवजी खोलीचेच छायाचित्र येते. काळ्या चामड्याची गोष्ट आणखी निराळी. ते विसरित प्रकाश जवळजवळ परत देतच नाही. त्यामुळे काळ्या जोड्यावर कितीही प्रखर दिवा टाकला तरी तो उजळत नाही. त्याच्या वळणावर एखादा पांढरा पुठ्ठा प्रतिबिंबित केला, तरच त्याचा घाट दिसू लागतो. काळे चामडे उजेडात दिसत नाही, ते समोरच्या पांढऱ्या वस्तूच्या प्रतिबिंबात दिसते, हे वाक्य विरोधाभासासारखे वाटले तरी भौतिकदृष्ट्या अचूक आहे. (उस्मानाबादी शेळीचा प्रसिद्ध काळा रंग केसांचा आहे. केस काढून कमावल्यानंतरचे कातडे काळेच असते, असा समज करून घेण्याचे कारण नाही.)

यातून छायाचित्रकारापुढे पेच उभा राहतो. दाणा, सुरकुती, टाका आणि वेणी दाखवायची तर प्रकाश पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. असा तिरपा प्रकाश प्रत्येक उंचवट्यामागे सूक्ष्म सावली टाकतो आणि त्या सावल्यांच्या बेरजेलाच आपण पोत म्हणतो. रंग दाखवायचा तर चकाकी कमी हवी. आणि चामडे जिवंत, लवचिक वाटायचे तर थोडी चकाकी हवीच. ध्रुवीकारक गाळणी लावून चकाकी बरीच कमी करता येते; लंबरेषेपासून सुमारे ५६ अंशांच्या आसपास परतणारी चकाकी तर ती जवळजवळ पुसून टाकते. परंतु असे पुसलेले चामडे पुठ्ठ्यासारखे कोरडे दिसते. अनेक सूचिपत्रांतील चामड्याच्या पिशव्या रेक्झिनच्या वाटतात, त्यामागे असा अतिरेक असू शकतो.

प्रचलित तीन रीती

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील छायाचित्रण व्यवसाय मुख्यतः लग्नसमारंभांवर उभा राहिला आहे. त्याची प्रकाशयोजना चेहऱ्यासाठी घडलेली आहे. समोरून डावी-उजवीकडे ४५ अंशांवर दोन छत्र्या, दोन्ही सारख्या तीव्रतेच्या. नवरीच्या चेहऱ्यावर सावली राहू नये, हा तिचा हेतू. हीच योजना जेव्हा वहाणेवर लावली जाते, तेव्हा चेहऱ्याच्या बाबतीत जो गुण होता तोच दोष ठरतो. दोन्ही बाजूंच्या प्रकाशाने एकमेकांच्या सावल्या खाऊन टाकल्यामुळे वेणीचा पीळ सपाट होतो, टाके छापल्यासारखे दिसतात आणि पट्ट्यावर दोन पांढरे ठिपके चमकत राहतात. चपलेला चेहरा समजून केलेले हे छायाचित्रण आहे. त्यात आत्मीयता आहे, पण वस्तूचे ज्ञान नाही.

दुसरी रीत ऑनलाइन बाजारपेठेने लादलेली आहे. ॲमेझॉनच्या नियमानुसार वस्तूच्या मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे तिन्ही रंगमूल्ये २५५ असलेली हवी आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे. या नियमामागील व्यापारी तर्क समजण्यासारखा आहे. हजारो विक्रेत्यांची चित्रे एका पानावर यायची तर त्यांना समान भूमी हवी. परंतु या पांढरेपणाची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. यंत्राने एकसारखी कापलेली व शिवलेली चपल पांढऱ्या शून्यात ठेवली तर तिचे काही बिघडत नाही. एकसारखेपणा हाच तिचा गुण असतो आणि तो येथे उठून दिसतो. हाताने केलेल्या चपलेत डाव्या-उजव्या पायांच्या वेण्यांत केसभर फरक असतो, रंगाचा ढग एका टाचेकडे अधिक उतरलेला असतो, रापीच्या घावाची कड किंचित हललेली असते. पांढऱ्या शून्यात या गोष्टी दोष म्हणून वाचल्या जातात. कारण त्यांना अर्थ देणारी जमीन, सावली आणि मोजमाप तेथून काढून घेतलेले असते. शिवाय पार्श्वभूमीवरचा अतिरिक्त पांढरा प्रकाश वस्तूच्या कडांवर सांडतो आणि तिथला रंग धुऊन काढतो. कॅमेऱ्याचा मापक मधल्या करड्या छटेला प्रमाण मानून चालतो. समोर बहुतांश पांढरे असेल तर तो संपूर्ण चित्र काळवंडून टाकतो, आणि मग ते उजळण्यासाठी संगणकावर केलेली दुरुस्ती मधाच्या रंगाला पिवळट किंवा नारिंगी करून सोडते. घरी आलेली चपल ‘चित्रासारखी नाही’ अशी तक्रार ग्राहक करतो, तेव्हा तो खरेच बोलत असतो. पण फसवणूक कारागिराने केलेली नसते.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले चामडे उन्हाने, तेलाने आणि पायाच्या घामाने गडद होत जाते. विक्रीच्या चित्रातला रंग हा वस्तूच्या आयुष्यातील केवळ पहिल्या दिवसाचा रंग असतो. बाजारपेठेचा नियम वस्तूला कायम पहिल्याच दिवशी थांबवून ठेवतो. जुन्या पिढीतील शेतकऱ्याच्या लेखी वहाणेची किंमत ती मुरल्यानंतर कळत असे. त्या मुरण्याचे चित्र कोणत्याही सूचिपत्रात सापडत नाही.

तिसरी रीत उंची वस्तूंच्या जाहिरातीची. काळोखी पार्श्वभूमी, मागून येणारा एक अरुंद प्रकाश, कडेवर चमकणारी एकच रेघ. बाकी वस्तू अंधारात. तंत्रदृष्ट्या ही रीत पहिल्या दोहोंपेक्षा निश्चितच सरस आहे. चामड्याच्या घाटाला ती न्याय देते. मात्र तिचा खरा विषय चामडे नसून दुर्मीळता हा असतो. जे अर्धेच दाखविले जाते ते अधिक मोलाचे वाटते, या मानसिक सवयीवर ती उभी आहे. अशा चित्रात टाका दिसतो, पण तो दागिन्यावरील नक्षीसारखा दिसतो. कोणीतरी आरीने भोक पाडून दोरा ओढल्याची खूण म्हणून दिसत नाही.

तपकिरी रंगाचा इतिहास

प्रकाशयोजना केवळ दिव्यांची नसते. प्रकाश ज्या माध्यमावर उमटतो त्याचीही एक पसंती असते, आणि चामड्याच्या बाबतीत तो इतिहास बोधप्रद आहे. १८५१ पासून प्रचारात आलेली ओली कलोडियन काच आणि तिच्यानंतरच्या आरंभीच्या कोरड्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या. तांबूस, पिवळा, तपकिरी रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंजकद्रव्यांच्या साहाय्याने ही संवेदनशीलता हिरव्याकडे वाढविली, तरीही तांबडा रंग काळाच उमटत राहिला. सर्व रंगांना उत्तर देणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाच्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा कार्यकाल नेमका याच काळात येतो. त्या युगातील चित्रांत जरीचे कपडे, मोती, संगमरवर झळाळतात. जोडे, खोगीर, तलवारीचे म्यान या चामड्याच्या वस्तू मात्र काळपट आकृती होऊन राहतात. या काळोखाचा दोष छायाचित्रकाराच्या हाताचा नव्हता. तो काचेवरच्या रसायनाचा होता. परंतु आजचा अभ्यासक जेव्हा अशा चित्रावरून ‘काळ्या चामड्याचे जोडे’ अशी नोंद करतो, तेव्हा तो रसायनाच्या अंधत्वालाच इतिहास समजतो. जुन्या चित्रांच्या आधारे वेशभूषेचा अभ्यास करणाऱ्यांनी ही सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.

रंगीत फिल्म आल्यावर प्रश्न सुटला असे नाही. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखविले आहे की, कोडॅकच्या रंगसंतुलनाची प्रमाणपत्रिका दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावर आधारलेली होती. गडद त्वचेच्या छटा त्यात नीट उमटत नसत. विशेष म्हणजे फिल्ममधील तपकिरी छटा सुधारण्यास चालना मिळाली ती चॉकलेटचे उत्पादक आणि लाकडी सामानाचे उत्पादक यांच्या तक्रारींमुळे. माणसांची त्वचा नीट उमटत नाही या कारणापेक्षा कपाटाचा रंग नीट उमटत नाही हे कारण अधिक परिणामकारक ठरले. तपकिरी वस्तू आणि तपकिरी माणूस यांचे दिसणे तंत्राच्या इतिहासात एकमेकांत असे गुंतलेले आहे. ‘कातडी’ हा शब्द मराठीत माणसाच्या आणि जनावराच्याही बाबतीत वापरला जातो, याची येथे आठवण व्हावी.

मिलानमधील चित्र

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने पुरुषांच्या २०२६ च्या उन्हाळी पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यातील काही मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची, पट्ट्याची, उघडी, चामड्याची चपल होती. कंपनीच्या वर्णनात ती केवळ चामड्याची सँडल होती. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. पुढे जो वाद झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला कंपनीने पत्राद्वारे जी कबुली दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी जो करार झाला, तो सर्व वृत्तपत्रांतून आला आहे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. हा वाद वस्तू हाती येऊन झाला नाही. तो चित्र पाहून झाला. कोल्हापुरातील, सोलापुरातील किंवा धाराशिवमधील कोणीही ती चपल हाताळली नव्हती. चामडे कसे कमावले आहे, टाका हाताचा की यंत्राचा, तळ किती पदरी, यांपैकी काहीही चित्रात कळत नव्हते. ओळख पटली ती बाह्याकृतीवरून.

बाह्याकृती ओळखण्यास फारसा प्रकाश लागत नाही. सावलीतही ती ओळखू येते. ज्या ज्ञानासाठी कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले, ते कमावण्याचे, कापण्याचे, विणण्याचे ज्ञान ओळखण्यास मात्र तिरपा, संयमित, जवळचा प्रकाश लागतो. रंगमंचावरील चालत्या माणसाच्या पायांवर तो असू शकत नाही आणि बातमीसाठी काढलेल्या चित्राकडून त्याची अपेक्षाही करता येत नाही. परिणामी सर्व चर्चा आकाराच्या मालकीभोवती फिरली आणि कौशल्याच्या मालकीचा प्रश्न मागे राहिला. आकाराचे अनुकरण कोणताही कारखाना करू शकतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त ‘कोल्हापुरी’ चपला कृत्रिम चामड्याच्या असतात, हे उघड गुपित आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील सावलीरहित चित्रात खरी आणि ही यांत भेद करणे ग्राहकाला जवळजवळ अशक्य होते. सावली काढून टाकणारी प्रकाशयोजना नकली मालाला उपकारक ठरते, हा या विवेचनातील सर्वांत कठोर निष्कर्ष असला तरी तो टाळता येत नाही.

जोडा कोणाचा?

पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रात चामड्याच्या जोड्यावरचा सर्वांत गाजलेला वाद व्हॅन गॉगच्या १८८६ च्या चित्राभोवती झाला. मार्टिन हायडेगर यांनी त्या झिजलेल्या जोड्यांत शेतकरी स्त्रीचे कष्ट आणि तिची माती पाहिली. १९६८ मध्ये मेयर शापिरो यांनी आक्षेप घेतला की ते जोडे शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचेच आहेत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा वाद दरवर्षी शिकविला जातो. परंतु या वादातील दोन्ही पक्ष जोडे कोणी घातले एवढेच विचारतात. ते कोणी शिवले, हा प्रश्न दोघांनाही पडलेला नाही. ज्या समाजात चामड्याचे काम जातीशी बांधले गेले आणि त्या कामासाठी माणसांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, तेथील समीक्षकाला हा प्रश्न सर्वप्रथम पडायला हवा. मराठवाड्यात कातडे कमावणारे कक्कय्या समाजाचे, वस्तू करणारे चर्मकार, आणि हलगी वाजविणारे मातंग. या प्रत्येकाच्या वाट्याला तीच एक वस्तू वेगवेगळ्या टप्प्यावर आली, आणि विटाळ मात्र प्रत्येक टप्प्यावर सारखाच आला.

संत रोहिदासांच्या लोकप्रिय रंगीत तसबिरी या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. संत जोडा शिवीत बसलेले, समोर आरी, रापी, चामड्याचे तुकडे. आणि मस्तकाभोवती प्रभावळ. चित्रातील सारा प्रकाश मस्तकातून निघतो. हातातल्या कामावर तो क्वचितच पडतो. भक्तीच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या संतचरित्राचा आशयच काम आणि पावित्र्य यांत भेद न करण्याचा आहे, त्याच्या चित्रात प्रकाशाने पुन्हा तोच भेद करावा, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

स्थानिक उजेडाचा विचार

धाराशिव सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो. या काळातील दुपारचे ऊन चामड्याच्या वस्तूस प्रतिकूल. ते वरून कोसळते, पोत दाखवीत नाही, आणि पट्ट्याखाली काळीकुट्ट सावली टाकते. सकाळी सूर्योदयानंतरचा आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वीचा तासभर मात्र ऊन जमिनीला घासून येते. महागड्या स्टुडिओत जो तिरपा प्रकाश निर्माण करावा लागतो, तो या वेळी विनामूल्य उपलब्ध असतो. त्याचा एकच दोष म्हणजे त्याचा तांबूस रंग, जो मधाच्या रंगाला फाजील गोड करतो. पण चौकटीत एक करडा पुठ्ठा ठेवून नंतर रंगसंतुलन साधल्यास तो दूर होतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर हा तोल आपोआप राखण्याचे काम सोपविणे धोक्याचे आहे. तो प्रत्येक चित्राचा रंग वेगळा ठरवितो, उजेड-सावलीतील अंतर आपल्या मर्जीने कमी करतो आणि चामड्याच्या दाण्याला कृत्रिम धार लावतो.

त्याहून समर्थ साधन मराठवाड्याच्या जुन्या घरांतच आहे. माळवदाच्या घरात अंधाऱ्या खोलीत छतातील झरोक्यातून किंवा एकाच दारातून उजेड येतो. चारी बाजूंनी अंधार आणि एका दिशेने मऊ पण ठाम प्रकाश, ही चामड्यासाठी जवळजवळ आदर्श अवस्था होय. दारावर बटर पेपर ताणला की स्रोत मोठा आणि मऊ होतो. वस्तूच्या दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा ठेवला की सावली उघडते, काळा कागद ठेवला की घाटाची कड स्पष्ट होते. वस्तू दारापासून दुप्पट अंतरावर नेल्यास प्रकाश झपाट्याने उणावतो, हा नियम लक्षात ठेवून अंतर बदलावे लागते. वेणी आणि टाक्यासाठी प्रकाश बाजूने किंचित मागून, तळाच्या जाडीसाठी खालच्या पातळीवरून, आणि पहिल्या चित्रासाठी सावली जमिनीवर राहू द्यावी. बाजारपेठेचा पांढरा नियम मुख्य चित्रापुरताच आहे. पुढील चित्रांत जमीन, सावली, रापी आणि हात दाखविण्यास तो आड येत नाही. ही सवलत फारच थोडे विक्रेते वापरतात.

काही वस्तूंना तर परावर्तित प्रकाश पुरेसाच नाही. संबळाच्या तोंडावर ताणलेले कातडे समोरून पाहिले तर मळकट पांढरे वर्तुळ दिसते. तेच कातडे वाद्यावर चढविण्यापूर्वी उजेडासमोर धरले तर ते अर्धपारदर्शक होते. त्यातील शिरांचे जाळे, पाठीकडची जाडी आणि पोटाकडची विरलता सारे प्रकट होते. जनावराच्या अंगाचा नकाशाच तो. कमावणाऱ्याची बोटे हा नकाशा ओळखतात आणि त्यानुसारच तुकडा निवडतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या छायाबाहुल्यांमागे दिवा ठेवून शतकानुशतके हेच करीत आले आहेत: चामड्यावर प्रकाश टाकण्याऐवजी चामड्यातून प्रकाश काढणे. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वस्तुछायाचित्रणाच्या पाठ्यपुस्तकांत मागून प्रकाश टाकण्याचे तंत्र काच आणि द्रवपदार्थ यांच्या प्रकरणात येते. चामड्याच्या प्रकरणात बहुधा येत नाही, कारण ती पुस्तके जोडे व पिशव्या समोर ठेवून लिहिलेली आहेत, वाद्ये आणि बाहुल्या नव्हेत.

हलगीची गोष्ट याच्याच पुढची. वाजविण्यापूर्वी ती जाळावर शेकून तिचे कातडे ताणले जाते. त्या क्षणी जाळाचा तांबडा उजेड कातड्याच्या मागे असतो आणि वाजविणाऱ्याचा चेहरा व हात पुढे, त्याच उजेडात. मोटेचे तसे चित्र आता मिळणे नाही. विजेचे पंप आल्यावर मोट विहिरीवरून उतरली. नाडा आणि सोल कुजून गेले. जेथे एखादी मोट उरली असेल तेथे ती वाळून, आक्रसून, काष्ठवत् झालेली असते. अशा मोटेचे छायाचित्र घ्यायचे झाल्यास दोन छत्र्यांचा प्रकाश निरुपयोगी आहे. एका बाजूने अगदी पृष्ठभागालगत, दहा-पंधरा अंशांचा प्रकाश टाकल्यास तिच्या ठिगळांचे टाके, पाण्याने गुळगुळीत झालेली सोंड आणि विहिरीच्या काठावर घासून पडलेला चट्टा हे तिन्ही वेगवेगळे वाचता येतात. कोणत्या गावच्या कोणत्या चर्मकाराने ते ठिगळ लावले, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांकडे जिल्ह्यात फिरणारे विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या खिशात कॅमेरेही आहेत. प्रत्येक चित्राखाली वस्तूच्या नावाबरोबर ती करणाऱ्याचे वा दुरुस्त करणाऱ्याचे नाव, ते देण्यास त्यांची संमती असल्यास, आणि प्रकाश कोणत्या बाजूने होता याची एक ओळ लिहिली गेल्यास, पुढच्या अभ्यासकाला सावलीवरून टाक्याची खोली मोजता येईल.